त्याइले इचारा

आमच्या घरात फोन आला, पण फोनला आमचं घर मानवलं नाही. मलकापूरहून येणारी बस रोहिणखेडच्या पुढं आली की फोनवरच्या रेघा एकेक करून उतरायला लागतात, आणि आमच्या वेशीत शिरेपर्यंत फोन नुसता वेळ पाहण्यापुरता उरतो. गाव खोलगटात. त्यातून आमचं घर मातीच्या भिंतींचं, एकेक भिंत हातभर जाड. बाबा मिस्त्री आहेत. आसपासच्या गावांत त्यांनी बांधलेली घरं दाखवायला लागले तर दुपार होईल, पण आमच्या डोक्यावर टिनपत्रेच राहिले. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, पावसाळ्यात वाजायचे, आणि गारपिटीत तर घरातल्या घरात एकमेकांशी खाणाखुणांनी बोलावं लागायचं. माय दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जायची, कापूस वेचायला जायची. अशा घरात मी बी. कॉम. झाले, आणि तेही पहिल्या वर्गात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मला ते सांगायला आवडतं.

मात्र मी ते घरात बसून झाले नाही. उकिरड्यावर उभी राहून झाले.

गावाच्या वरच्या अंगाला उकिरडा आहे. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या गावानं शेण आणि केर तिथंच टाकला, त्यामुळे तो चांगला टेकडीएवढा झालाय. त्याच्या माथ्यावर फोनला दोन रेघा यायच्या, वारा बरा असला तर तीन. कॉलेजं बंद पडून वर्ग फोनवर भरायला लागले तेव्हा मी ओढणी नाकाला बांधून तिथं उभी राहायची. तोंडी परीक्षाही तिथंच दिली. सरांनी ताळेबंदावर प्रश्न विचारला, मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागं कोंबडा आरवला, आणि सर म्हणाले, दुसरा विद्यार्थी गप्प बसेल का. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. आमच्याकडं उलटं झालं, उकिरड्यानंच माझे पांग फेडले. लोक आपल्या विद्यापीठाचं नाव छाती काढून सांगतात. मी उकिरड्याचं सांगते. ज्यानं शिकवलं त्याला मानायचं, त्यात लाज कसली?

पदवी घेऊन पुण्याला गेले. एका ऑफिसात काही महिने काढले. पहिल्याच दिवशी मी "मले पाणी पाह्यजे" म्हटलं, तर शेजारच्या टेबलावरची पोरगी इतकी हसली की पाणी तिलाच द्यावं लागलं. मग रोज जेवायच्या सुट्टीत मला काहीतरी बोलायला लावायचे. "काऊन म्हण ना एकदा." काऊन म्हणजे का, त्यात हसण्यासारखं काय? मी काही तमाशातली सोंगाडी नाही. एके दिवशी बॅग उचलली आणि घरी आले. पुण्याला परत राहायला जायचं नाही हे बसमध्येच ठरवलं.

त्यानंतर वर्षभरानं एका मोटारपंपाच्या कंपनीत माझी निवड झाली. गंमत अशी, की तिथं माझी बोलीच त्यांना हवी होती. आमच्याकडचे शेतकरी फोन करून सांगायचे, "मोटर गुरगुरून राह्यली, पण पाणी नाई फेकून राह्यली," आणि पुण्यातल्या पोरांना त्यातला पंप कुठला आणि पाणी कुठलं ते कळायचं नाही. त्यांना समजणारं माणूस हवं होतं. काम घरी बसून करायचं. अट एकच होती, घरात तारेवरून आलेलं पक्कं इंटरनेट पाहिजे. सोमवारी अकरा वाजता एक मॅडम कॅमेऱ्यावरून खोली आणि लाइन तपासणार. लाइन ठीक असली तर त्याच घडीला नोकरी सुरू. नसली तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. मी पुण्याला जाणार नव्हते, म्हणजे लाइन नाही तर नोकरीही नाही.

नेमकी त्याच सुमारास गावात खांबांवरून नवी तार आली होती. लाइन बसवणारा माणूस सोमवारी सकाळी येणार असं ठरलं होतं. मी कंपनीचा लॅपटॉप आणायला तेवढ्यापुरती पुण्याला गेले, आणि हा माणूस एक दिवस आधीच, रविवारी, येऊन सगळं बसवून गेला. तो बऱ्हाणपूरकडचा, त्याला मराठी येते ती बाजारापुरती. बाबा स्लॅबच्या तयारीला गेलेले, मी पुण्यात. घरात एकटी माय.

सोमवारी सकाळी मी मलकापूरला गाडीतून उतरले, काळीपिवळी जीप धरली आणि लॅपटॉप पोटाशी धरून घरी आले. पाहते तर घराच्या कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलेलं, आणि त्याच्या विणीतून हिरवे दिवे लुकलुकतायत.

"हे काय वं माय?"

"राउटर हाये. बकरीचं पिल्लू वायर चावते, मंग झाकलं."

"अंडे घालणार हाये काय ते?"

"नोकरीवाली झाली म्हून मायले हसू नको. दिवे लागून राह्यले ना? मंग झालं तं."

दिवे खरंच लागले होते. मी डालं काढलं, राउटर उचलला आणि भिंतीतल्या देवळीत ठेवला, जिथं पूर्वी रॉकेलची चिमणी जळायची. उंचावर ठेवला की चांगला पसरतो, हे मी वाचलं होतं. मायनं ते पाहिलं आणि म्हणाली, आता बकरी नाही चावणार, पण उंदीर चावंल. मी लॅपटॉप उघडला. यादीत एकच नाव होतं, इंग्रजी अक्षरांत:

त्याइले इचारा.

मी ते दोनदा वाचलं. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. 'त्याइनं जेवलं', 'त्याइले सांगा', 'त्याइची टोपी' असं म्हटलं की ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं, घरधनी. म्हणजे इथं लिहिलं होतं, बाबांना विचारा. मला त्या बऱ्हाणपूरच्या माणसाचं कौतुक वाटलं. पासवर्ड घरच्या कर्त्या माणसाला सांगून ठेवला आणि वरून तशी पाटीही लावून गेला. किती व्यवस्थित माणूस.

बाबांना विचारायचं तर फोन करायचा, आणि फोन करायचा तर उकिरड्यावर जायचं. मी प्रवासाच्या कपड्यांनिशी वर पळाले. बाबांचा फोन वाजत राहिला. स्लॅबचा दिवस म्हणजे मिस्त्रीच्या लग्नाचा दिवस. मिक्सर घरघरतो, माणसं ओळीनं घमेली देतात, आणि फोन डब्याच्या पिशवीत खुंटीला लटकतो. मधे थांबलं तर स्लॅबला सांधा पडतो. त्या दिवशी बाबा साक्षात यमाचा फोनही घेणार नाहीत. मग बऱ्हाणपूरवाल्याला लावला. तो बंद. बहुतेक कुठल्या तरी खांबावर असेल.

खाली उतरले तर वाटेत शेजारची काकू माझीच वाट पाहत उभी. हातात तिच्या पोराचा फोन.

"काय वं, कालपासून फोनात हे येऊन राह्यलं. पोरगं वाचून सांगते, त्याइले इचारा. मी आमच्या त्याइले इचारलं. ते म्हणते मले काय माहीत. मंग कोणाच्या त्याइले इचारायचं?"

मी म्हणाले, काकू, ते आमचं वायफाय आहे, आमच्या बाबांना विचारायचंय. तिला हे फार पटलं नाही. पण काहीतरी घडतंय हे तिला कळलं, आणि ती माझ्या मागोमाग घरात आली ती दाराशी टेकून बसली.

मायला सांगितलं, बाबा फोन घेत नाहीत, पासवर्ड कसा मिळायचा?

"त्याइले कशाले फोन लावला? त्याइले काय माहीत?" माय ज्वारी निवडत म्हणाली. "पासवर्ड मले माहीत हाये ना."

"मंग सांग."

"सांगता येत नाई."

"विसरली काय?"

"विसरन काऊन? पक्का ध्यानात हाये. पण सांगता येत नाई."

मी पदवीधर आहे, मी शांत राहिले. मायला समजावलं, की पासवर्ड परक्याला सांगायचा नसतो, पोटच्या पोरीला चालतो. ती म्हणाली, तुलेच काय, मी भिंतीलेही नाई सांगत. काकू दारातून म्हणाली, बरोबर हाये, गुपित ते गुपित. मी काकूला सांगितलं, तुम्ही मध्ये बोलू नका. ती बोलली नाही, पण गेलीही नाही.

तोवर मी इतर सगळे मार्ग करून पाहत होते. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला कंपनीचा पासवर्ड टाकला. तो बदललेला होता. लॅपटॉपला थेट तार जोडावी म्हटलं, तर त्या पातळ लॅपटॉपला तारेचं भोकच नव्हतं. राउटरच्या मागं एक बारीक भोक असतं, त्यात काडी दाबून धरली की आतलं सगळं पुसून राउटर कोरा होतो. पण त्याबरोबर लाइनची माहितीही पुसली जाते, आणि ती परत भरायला तोच खांबावरचा माणूस लागतो. काडी हातात घेतली आणि ठेवून दिली. आणि उकिरड्यावर लॅपटॉप नेऊन बसावं, तर मॅडमना खोली दाखवायची होती. त्याला कुठल्या बाजूनं खोली म्हणायचं?

शेवटी मी मायच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, माय, अकरा वाजता ती मॅडम येते. हे लागलं नाही तर नोकरी गेली. मी पुण्याला जाणार नाही, तुला माहीत आहे. पुण्याचं नाव काढलं तशी मायनं ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं. मी पुण्याहून परत आले तेव्हा किती दिवस कोणाशी बोलले नव्हते, ते तिनंच पाहिलं होतं. तिनं खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली,

"त्याइचं नाव हाये."

काकूच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

मला हसू फुटलं. एवढंच? बाबांचं नाव तर माझ्या स्वतःच्या नावात, मधोमध बसलेलं. मी ते टाकलं. चुकीचा पासवर्ड. मग आठवलं, की बाबांच्या नावाचं इंग्रजी हे एक वेगळंच प्रकरण आहे. आधारवर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं, आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर तर ते कोणा दुसऱ्याच माणसाचं नाव वाटतं. मी सगळी टाकली. एक 'ए' वाढवला, एक 'ए' काढला. आडनावासकट, आडनावाविना. गाव त्यांना नुसतं 'मिस्त्री' म्हणतं, म्हणून ते नावाला जोडूनही निरनिराळ्या तऱ्हांनी टाकलं. लॅपटॉप दर वेळी तेच सांगायचा. बाहेर ऊन भिंतीवरून सरकत चाललं होतं.

"माय, बाबांचं अजून एखादं नाव हाये काय?"

मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. दारात काकूची मान लांब झाली.

"हाये एक," माय म्हणाली. "तुह्या आजीनं ठेवलेलं. लहानपणचं. आता कोणी घेत नाई."

हे मला नवीनच होतं. आजी मी फार लहान असताना गेली. म्हटलं, कोणतं? मायनं दाराबाहेर बोट दाखवलं, वरच्या अंगाला, उकिरड्याकडं.

"आता तिकडं जाऊन काय करू? बाबा फोन घेत नाई म्हटलं ना."

"जायाचं नाई. ते हाये."

"काय ते हाये? रेंज?"

"रेंज नाई वं. ते." आणि पुन्हा बोट.

मी उठून दारात गेले आणि उकिरड्याकडं पाहिलं. वर एक म्हैस उभी होती. म्हटलं, म्हैस? मायनं कपाळावर हात मारला. काकूनं तोंडात पदर कोंबला, कारण तिला आधीच कळलं होतं. ती जुन्या काळची, तिला ती रीत माहीत होती.

रीत अशी. एखादीची लेकरं जगत नसली, एक जाई दुसरं जाई, तर पुढचं मूल झालं की त्याला उकिरड्यावर नेऊन लोळवायचं आणि उकिरड्याचंच नाव ठेवायचं. म्हणजे मरण आलं तरी म्हणेल, हा तर केर आहे, याला कोण नेतो? आजीची दोन लेकरं गेली होती. तिसरे बाबा. मरणाला फसवण्यासाठी तिनं तो पासवर्डच लावला म्हणायचा, आणि तो लागूही पडला, कारण बाबा जगले. शाळेत नाव घातलं तेव्हा मास्तरांनी चांगलंसं दुसरं नाव दिलं, आणि जुनं आजीपाशीच राहिलं. कॉलेज बंद होतं तोवर मी ज्याच्या डोक्यावर उभी राहून शिकले, ते माझ्या बापाचं नाव होतं, आणि मला पत्ताही नव्हता.

पण मला आपलं वाटलं म्हणून पासवर्ड टाकता येत नाही. ते नाव नेमकं कसं, आजी कोणतं अक्षर ओढायची, 'रड्या' म्हणायची की 'र्डा' म्हणायची, हे मायनंच सांगायला हवं होतं. माय उठली. पदर डोक्यावरून घेतला. काकूला बाहेर घालून दार लोटून घेतलं. तरी काकू फिरून खिडकीशी आलीच. घरात एक कोंबडी होती, तिलाही मायनं बाहेर हाकललं. मला वाटलं, आता माझ्या कानात सांगेल. पण ती देवळीपुढं, राउटरसमोर, जाऊन उभी राहिली.

"याले सांगू ना?"

"त्याले नाई, मले सांग."

"तुह्यापुढं मले येत नाई. याच्यापुढं येईन. तू ऐकून घे."

लग्नाच्या पंगतीत बायकांनी आग्रह केला की नाव उखाण्यातून घेतात. उघडं नाव तोंडात येत नाही, गाण्याच्या आडोशानं येतं. मायनं हात जोडले, डोळे मिटले, आणि देवळीतल्या राउटरला उखाणा घातला:

"देवळीतल्या डब्याचा हिरवा हिरवा दिवा,
…चं नाव घेते, लेकीले नोकरीवर ठेवा."

गाळलेल्या जागी ते नाव होतं. खिडकीतून काकूनं टाळ्या वाजवल्या. मायचं तोंड पदरात. इतक्या वर्षांचा संसार, कोणी कितीही आग्रह केला तरी जिनं हे नाव घेतलं नव्हतं, तिनं ते माझ्या नोकरीसाठी एका प्लास्टिकच्या डब्यापुढं घेतलं. माझे डोळे भरले. भरल्या डोळ्यांनी मी ते नाव टाकलं.

लॅपटॉपनं ते आतच घेतलं नाही. बटणच दाबलं जाईना. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा.

"काय झालं?" माय पदरातूनच म्हणाली.

"लहान पडलं."

"काय लहान पडलं?"

"नाव."

मायनं पदर काढला. "लहान कसं पडंल? सगळ्या गावाचं मावते त्यात."

मी डोकं धरून बसले. अकराला फार वेळ उरला नव्हता. मग माझ्या शिकलेल्या डोक्यात, जो प्रश्न सकाळी सगळ्यात आधी यायला हवा होता, तो आला. म्हटलं, माय, काल तू त्या माणसाला हेच नाव सांगितलंस ना?

माय माझ्याकडं अशी पाहायला लागली की जणू मीच वेडी.

"मी काऊन घेईन नाव, परक्या माणसापुढं?"

"मंग त्याले कसं कळलं?"

"त्यानं इचारलं, वायफाय का नाम क्या रखूँ. म्हटलं, घरात माणूस असता मी कोणाचं नाव काऊन ठेवू? त्याइले इचारा. त्यानं टकटक केलं. मंग म्हणे पासवर्ड बोलो. म्हटलं, ते काय असते बाप्पा? तं म्हणे, ऐसा शब्द जो कभी मुँह से निकालना नहीं, किसी को बताना नहीं. म्हटलं, असा तं माह्यापाशी एकच हाये. त्याइचं नाव टाका. त्यानं टाकलं."

मी सावकाश वळून पडद्याकडं पाहिलं. तिथं अजूनही लिहिलेलं होतं, त्याइले इचारा. तो सूचनाफलक नव्हता. ते आमच्या वायफायचं नाव होतं. त्या भल्या माणसानं मायच्या तोंडून जे आलं ते अक्षरही न बदलता लिहून घेतलं होतं.

मी इंग्रजी अक्षरांत टाकलं: त्याइचं नाव. मधे जागा सोडून. नाही. जागा न सोडता. नाही. मग बऱ्हाणपूरच्या माणसाला ते कसं ऐकू आलं असेल असा विचार केला, शेवटी एक 'ए' काढला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पंख्यासारखी ती तीन वळणं उमटली.

"लागलं," मी म्हटलं.

"कोणतं लागलं?"

मी सांगितलं. मायला समजायला थोडा वेळ लागला. मग ती देवळीकडं वळली आणि राउटरला जे काही बोलली, ते मी लिहीत नाही. माझ्याकडं वळून म्हणाली, "मंग मी नाव घेतलं ते फुकटंच?"

खिडकीतून काकू म्हणाली, "फुकट कसं? मी ऐकलं ना."

अकरा वाजता मॅडम आल्या. मी मातीच्या भिंतीला पाठ लावून, केस बांधून बसले होते. त्यांनी खोली पाहिली, लाइनचा वेग पाहिला, म्हणाल्या, आमच्या ऑफिसपेक्षा चांगला आहे. मग म्हणाल्या, नोंद करायची आहे, तुमच्या नेटवर्कचं नाव सांगा.

"त्याइले इचारा."

"कोणाला विचारू?"

"कोणालेच नाई मॅडम. नावच तसं हाये."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही आत्ता जसं बोललात ना, तसंच बोलायचं. शेतकऱ्यांशी हेच हवंय. पुण्यात ज्या बोलण्याला लोक हसायचे, त्यालाच पगार मिळणार होता. मी हो म्हणाले नाही. "हाव" म्हणाले, मुद्दाम.

संध्याकाळी बाबा सिमेंटनं पांढरे होऊन आले. वेशीपासून घरापर्यंत त्यांना काकूनं आणि काकूनं ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी बातमी दिली होती. हातपाय न धुताच ते देवळीतल्या राउटरकडं पाहत उभे राहिले.

"नाव घेतलं म्हणते तुह्या मायनं?"

"हाव."

"कोणतं?"

"ते."

बाबा ओसरीवर जाऊन बसले, हातावरचं वाळलेलं सिमेंट नखानं काढत राहिले. म्हणाले, "माही माय गेल्यापासून कोणी घेतलं नव्हतं." मग आवाज चढवून, चुलीपाशी ऐकू जाईल असं म्हणाले, "आन मी नसताना घेतलं. मले नाई ऐकवलं. डब्याले ऐकवलं."

चुलीकडून उत्तर आलं, "डब्यानं नोकरी देल्ली. तुम्ही काय देसान?"

पासवर्ड मी दुसऱ्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन बदलला. वायफायचं नाव मात्र बदललं नाही. बदलायला गेले, तर माय म्हणाली, एकदा ठेवलेलं नाव बदलत नसतात. गल्लीतलं कोणी पासवर्ड मागायला आलं की आम्ही फोनवर दिसणाऱ्या त्या नावाकडं बोट दाखवतो. ते बाबांना विचारतात, बाबा मायकडं बोट दाखवतात, आणि माय म्हणते, तो शब्द तोंडातून काढत नसतात. आतापर्यंत तरी कोणाला मिळालेला नाही. नेट मंद झालं की बाबा ओसरीवरून आवाज देतात, "घे ना एखाद्या वेळी नाव, मंग चालंल." माय म्हणते, पूर्ण बंद पडलं तं पाहू.

ते अजून पूर्ण बंद पडलेलं नाही. त्या सोमवारी अकरा वाजता मी माझ्या घरात, माझ्या बोलीत, नोकरीला लागले, आणि आजही तिथंच बसून फोन घेते.